घाटांच्या खुणा नकाशात कशा बसवाव्यात?

काशीत गंगेच्या पश्चिम तीरावर नागपूरकर भोसल्यांनी १८ व्या शतकात बांधलेला घाट भोसले घाट म्हणून ओळखला जातो. महाराष्ट्रातील यात्रेकरूंसाठी आपणांस संगणकावर एक नकाशा तयार करावयाचा आहे, असे समजा. त्यात अस्सी, दशाश्वमेध, शिंदे, भोसले आणि पंचगंगा हे ५ घाट दाखवावयाचे आहेत. नकाशा उघडताच पाचही खुणा दिसल्या पाहिजेत. एखादी खूण चौकटीबाहेर राहिली, तर तेथे घाटच नाही, असा यात्रेकरूचा समज होईल.

नकाशाचा मध्य सरासरीने काढू नये. अस्सी घाट दक्षिणेस दूर आहे. उरलेले ४ घाट उत्तरेस परस्परांच्या जवळ आहेत. त्यामुळे सरासरी उत्तरेकडे झुकते आणि अस्सी दृष्टीआड होण्याचा संभव असतो. त्याऐवजी सर्वांत कमी व सर्वांत जास्त अक्षांश-रेखांश शोधावेत. त्यांतून सर्व खुणांना सामावणारा आयत मिळतो. त्याचा मध्य हाच नकाशाचा मध्य मानावा.

यानंतर प्रमाण ठरवावे. अशा नकाशात सामान्यतः प्रत्येक पायरीला प्रमाण दुप्पट होते. ज्या सर्वांत मोठ्या प्रमाणावर आयत पडद्यात मावतो, ते निवडावे. कडांना समास सोडावा. खुणेचे टोक स्थळावर टेकते व चित्र वर असते, म्हणून वरचा समास अधिक ठेवावा.

पाठगत प्रश्न : केवळ भोसले घाटच दाखवावयाचा असेल, तर आयताचे काय होईल? अशा वेळी प्रमाणास मर्यादा का घालावी लागेल?