पाया घालण्यापूर्वी : जागा कोणाची, परवाना कोणाचा?

अभ्यासपाठ
शास्त्रभाग : नहेम्या २:१-८, अनुवाद २२:८, १ राजे २१:१-१६



आदिवासी मुलांच्या वसतिगृहासाठी, वाडीवरच्या अभ्यासिकेसाठी मंडळ्या प्रेमाने दान देतात. दोन-तीन महिन्यांनी विचारणा होते, "ताई, काम कुठवर आलं? पाया तरी पडला का?" "अजून परवानगीचं चाललंय," असे सांगितले की समोरच्याचा चेहरा उतरतो. परवानगी म्हणजे सेवेतला अडथळा, असा आपला समज झाला आहे. तळेगाव दाभाडे परिसरात ही प्रक्रिया कशी चालते ते या पाठात पाहू. तिच्यातला पहिला प्रश्न, म्हणजे जागा कोणाची, हा आदिवासी सेवेत सर्वांत महत्त्वाचा का आहे, तेही समजून घेऊ.

१. नहेम्याने पत्रे मागितली

यरुशलेमेचा तट पडल्याचे ऐकून नहेम्या रडला, त्याने उपास व प्रार्थना केली. पण राजासमोर उभा राहिल्यावर त्याने नुसती रजा मागितली नाही, पत्रेही मागितली. नदीपलीकडच्या अधिपतींसाठी पत्रे, म्हणजे वाटेत कोणी अडवणार नाही. राजाच्या वनाचा रखवालदार आसाफ याच्यासाठी पत्र, म्हणजे लाकूड मिळेल. ते लाकूड वेशींना, तटाला आणि राहत्या घराला लागणार, हेही त्याने आधीच सांगितले. पुढे विरोधकांनी राजद्रोहाचा आरोप केला, तेव्हा ही पत्रे अधिपतींच्या हाती पोहोचलेली होती. प्रार्थना आणि कागद ही दोन्ही त्याने एकाच कामाची अंगे मानली.

अनुवादातील आज्ञा तर थेट बांधकामाचीच आहे. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, म्हणजे कोणी पडून मेल्यास घरावर रक्तपाताचा दोष येणार नाही. आजच्या नियमावलीतही गच्चीच्या कठड्याची किमान उंची ठरवून दिलेली आहे.

२. अर्ज कोणाकडे?

आपल्या भागात हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. तळेगाव दाभाडे नगरपरिषदेच्या हद्दीत बांधकाम परवानगी नगरपरिषद देते. हद्दीबाहेरच्या मावळातील बहुतेक गावांसाठी २०१५ साली स्थापन झालेले पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे पीएमआरडीए, आहे. औद्योगिक क्षेत्रात एमआयडीसी स्वतः नियोजन प्राधिकरण असते. एकाच रस्त्यावर अर्ध्या तासात आपण तिन्ही हद्दींतून जातो. म्हणून जागा पाहायला गेल्यावर पहिल्यांदा हद्द विचारावी. ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा म्हणजे बांधकाम परवाना नव्हे, हेही लक्षात ठेवावे.

मूळ कायदा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ हा आहे. मुंबई शहर व काही मोजकी क्षेत्रे सोडून राज्यभर डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. किती जागा मोकळी सोडायची, जिना किती रुंद, खोलीला उजेड-वारा किती, हे सारे तिच्यात आहे.

३. फाइलीचा प्रवास

सातबारा किंवा मिळकत पत्रिका, भूमी अभिलेख कार्यालयाकडील मोजणी नकाशा, झोन दाखला आणि जमीन बिनशेती असल्याचा पुरावा, हा फाइलीचा पाया. त्यावर वास्तुविशारदाचे नकाशे आणि संरचना अभियंत्याचा दाखला येतो. छाननीत त्रुटी निघाल्या की त्यांची पूर्तता करायची. मग विकास शुल्क भरल्यावर प्रारंभ प्रमाणपत्र मिळते. त्याची मुदत सुरुवातीला एक वर्षाची असते. तेवढ्यात काम सुरू झाले नाही तर मुदतवाढ घ्यावी लागते. जोत्यापर्यंत काम आले की जोते तपासणी होते. काम पूर्ण झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र मिळते. ते हातात आल्याशिवाय मुलांना राहायला आणू नये.

काही जण सांगतात, ६० दिवसांत उत्तर आले नाही तर परवानगी मिळालीच. कायद्याच्या कलम ४५ मध्ये अशी तरतूद आहे खरी. पण नकाशा सर्व नियमांत बसत असेल तरच ती लागू होते. नियमबाह्य नकाशाला दिवस मोजून परवानगी मिळत नाही. विनापरवाना बांधकामास कलम ५३ खाली पाडण्याची नोटीस येऊ शकते. तसे झाले, तर दान तर जातेच, शिवाय ऐन परीक्षेच्या दिवसांत मुलांना छप्पर शोधावे लागते.

छाननी म्हणजे केवळ शिक्के नव्हेत. आमच्या मुलींच्या वसतिगृहाच्या नकाशात जिना एकाच टोकाला होता. छाननीत प्रश्न आला, "रात्री चाळीस मुली झोपलेल्या असताना जिन्याकडेच आग लागली तर?" दुसरा जिना घालावा लागला, एक खोली गेली, खर्च वाढला. तो प्रश्न मला कठड्याच्या आज्ञेची आजची आवृत्ती वाटतो.

उताराचा नियमही असाच आहे. १:५ किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधकामाला मनाई असते. आपल्याच जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव दरडीखाली गेले आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. त्यांत बहुसंख्य आदिवासी होते. डोंगराच्या कुशीतली स्वस्त जागा पाहताना हे विसरू नये.

४. जागा कोणाची?

आता मुख्य मुद्दा. एका ठाकर बांधवाने आपल्या शेतातला तुकडा अभ्यासिकेसाठी संस्थेला बक्षीस देऊ केला. मन भरून आले, पण आम्ही तो घेतला नाही.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत १९७४ साली कलम ३६-अ आले. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण वा भाडेपट्टा अशा कोणत्याही मार्गाने जायची असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. पाच वर्षांपर्यंतचे गहाण किंवा भाडेपट्टा सोडल्यास राज्य शासनाची मान्यताही लागते. आपली संस्था कितीही आपुलकीची असली, तरी ती आदिवासी व्यक्ती नाही.

अहाब राजाची गोष्ट आठवा. सुरुवातीला त्याने नाबोथाला वाईट देऊ केले नव्हते. याहून चांगला मळा देतो किंवा रोख मोल देतो, असे तो म्हणाला. तरी नाबोथाने नकार दिला, कारण ते वाडवडिलांचे वतन होते. आदिवासी बांधवाची जमीन घेताना आपला हेतू चांगला आहे आणि मोबदला रास्त आहे, एवढे पुरत नाही. कारखान्यांमुळे मावळात जमिनीला भाव आला आहे, आणि एकदा गेलेला तुकडा त्या कुटुंबाकडे परत येत नाही. शेवटी आम्ही नगरपरिषद हद्दीतील बिनशेती भूखंडासाठी थांबलो. तोवर अभ्यासवर्ग जुन्या सभागृहातच चालवला.

५. आजींचा प्रश्न

त्या काळात मी फाइल घेऊन एका कातकरी वाडीवरून जात असे. तिथल्या एका आजींनी विचारले, "ताई, तुमच्या खोलीला एवढे कागद लागतात. आमच्या घराला एकपण नाय. मग आमचं घर खरं का खोटं?"

माझ्याकडे लगेच उत्तर नव्हते. महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी कातकरी हा एक. त्यांच्या कितीतरी वाड्या दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर वसलेल्या आहेत. मालकाने जमीन विकली की वाडी उठते. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन अभियानात अशा कुटुंबांना पक्क्या घरासाठी दोन लाख रुपये मिळतात. पण घर उभारायला पायाखाली जागा लागते. त्यासाठी संहितेच्या कलम १२२ खाली वस्तीला गावठाणाची हद्द मिळवण्याची मागणी करता येते. भूमिहीनांना जागा घेण्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून अर्थसाहाय्य आहे. पुणे जिल्ह्यासाठी घोडेगाव येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आहे. जातीचा दाखला, रेशनकार्ड, आधार आणि ग्रामसभेचा ठराव यांची जुळवाजुळव करायला मात्र कोणीतरी सोबत लागते. आपल्या फाइलीसाठी आपण जे शिकलो, ते इथे कामी येते.

६. मंडळीने काय करावे?

बांधकामासाठी दान देताना प्रारंभ प्रमाणपत्राची प्रत मागा. तो अविश्वास नव्हे. अंदाजपत्रकात मोजणी, नकाशे, शुल्क यांची रक्कम आणि वेळ धरा. नकाशात जो उपयोग लिहिला, तोच ठेवा. वसतिगृह म्हणून मंजूर इमारतीचे परस्पर प्रार्थनामंदिर करू नका. आणि मंडळीतील निवृत्त तलाठी, सर्वेक्षक, वकील, अभियंते यांनी महिन्यातला एक शनिवार एखाद्या वाडीच्या कागदांसाठी द्यावा.

चर्चेसाठी प्रश्न

१) नहेम्याने पत्रे मागितली, यात विश्वासाची कमतरता होती का?
२) आपल्या मंडळीच्या इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र कोणी पाहिले आहे? ते कुठे ठेवले आहे?
३) आपल्या जवळच्या वाडीची जमीन सातबाऱ्यावर कोणाच्या नावे आहे?

प्रार्थनेचे विषय : घरकुलाच्या जागेची वाट पाहणारी कातकरी कुटुंबे, वीटभट्टीवर गेलेल्या आईवडिलांची वसतिगृहातील मुले, नकाशे तपासणारे व मोजणी करणारे कर्मचारी.