कृष्णकमळ आणि पॅशन फळाची वेल

घरापुढें एकच मांडव घालण्याइतकी जागा आहे; त्यावर कृष्णकमळ चढवावें कीं पॅशन फळाची वेल, असा प्रश्न पुष्कळ कुटुंबांस पडतो. दोन्हीं वेली एकाच कुळांतल्या, आणि फुलांची ठेवणही एकसारखी. त्यामुळें कित्येकांस असें वाटतें कीं, एकीस नुसतीं फुलें येतात व दुसरीस फुलें येऊन वर फळेंही येतात, तेव्हां दुसरीच लावणें शहाणपणाचें. मलाही असेंच वाटलें होतें. त्या समजुतीचें काय झालें तें पुढें सांगेन; आधीं ह्या दोन वेलींची ओळख करून घेऊं.

सकाळीं उमललेलें एक कृष्णकमळ हातीं घेऊन पाहा. बाहेर पाकळ्यांसारखीं दहा दलें. त्यांवर जांभळ्या-निळ्या तंतूंचें वर्तुळ. मध्यें एक लहानसा खांब, त्याच्या माथ्याशीं पांच केसर, आणि सर्वांच्या वर तीन टोकें. आपल्याकडे मुलांस सांगतात कीं, हे तंतू म्हणजे शंभर कौरव, पांच केसर म्हणजे पांडव, आणि मधोमध कृष्ण. परंतु ह्या कुळांतील बहुतेक वेली मूळच्या अमेरिकेतल्या. तेथें गेलेल्या स्पॅनिश पाद्र्यांनीं ह्याच फुलांत ख्रिस्ताचें दुःखसहन वाचिलें. तंतूंचें वर्तुळ हा कांट्यांचा मुगुट; पांच केसर ह्या पांच जखमा; तीन टोकें हे तीन खिळे; वळसे घेणारे तणावे हे फटक्यांचे आसूड; आणि दहा दलें म्हणजे पेत्र व यहूदा वगळून उरलेले दहा प्रेषित. रोम येथील जाकोमो बोसियो ह्यानें क्रूसाविषयींच्या आपल्या ग्रंथांत १६१० सालीं ह्या फुलाचें वर्णन केलें. पुढें १७५३ सालीं लिनिअसनें वनस्पतींस शास्त्रीय नांवें दिलीं, तेव्हां ह्या वेलींचें ‘पॅसिफ्लोरा’, म्हणजे दुःखसहनाचें फूल, हें नांव कायम झालें. ‘पॅशन फळ’ ह्या नांवांतला ‘पॅशन’ शब्द तोच होय. त्याचा अर्थ वासना असा करून कोणी हंसतात, तें अज्ञान आहे. जपानी लोक ह्याच फुलास घड्याळाचें फूल म्हणतात. फूल एकच, पाहणारा जें घरून घेऊन येतो तें त्यास तेथें दिसतें.

कृष्णकमळास फारसें कांहीं लागत नाहीं. पावसाळ्यांत फांदीचा तुकडा रोवला तरी तो जीव धरतो, आणि पुढें मुळांतून नवे कोंब फुटून वेल कुंपणभर होते. कधीं कधीं तर ती आवरावी लागते. ऊन चांगलें असावें व मुळांशीं पाणी तुंबूं नये, इतकेंच. फळ मात्र बहुधा धरत नाहीं. ह्यावरून बायका तिला वांझ म्हणतात, तें बरोबर नव्हे. ह्या कुळांतील पुष्कळ वेली स्वतःच्या परागानें फळ धरीत नाहींत. त्यांस त्याच जातीच्या दुसऱ्या वेलीचा पराग लागतो. आणि गांवांतलीं कृष्णकमळें पाहिलीं तर तीं पुष्कळदां एकमेकांच्या फांद्यांपासून वाढविलेलीं असतात. म्हणजे दहा घरीं दिसणारी वेल वस्तुतः एकच. तिला दुसरी मिळावी कोठून?

आतां पॅशन फळाकडे वळूं. कोणी त्यास कृष्णफळही म्हणतात. त्याच्या दोन मुख्य जाती आहेत. एकीचें फळ पिकल्यावर जांभळें होतें, दुसरीचें पिवळें. जांभळीस थंड, उंच जागा मानवते. म्हणून निलगिरी व कोडगू येथें ती चांगली होते. पिवळी उष्ण व सखल प्रदेशांतही तग धरते, त्यामुळें आपल्या कोंकणांत किंवा पाण्याची सोय असेल तर देशावर हीच लावावी. ह्या दोन्हींचा संकर करून कोडगूंतील चेट्टळ्ळी येथील सरकारी संशोधन केंद्रानें ‘कावेरी’ नांवाची जात काढिली आहे. दोहोंत आणखी एक भेद आहे, आणि तो रोपें विकणारा क्वचितच सांगतो: जांभळी बहुधा आपल्याच परागानें फळते, पिवळी फळत नाहीं.

हें मला ठाऊक नव्हतें. परगांवच्या एका स्नेह्याकडे चार पिवळ्या वेली फळांनीं लवलेल्या पाहिल्या, आणि त्यांतल्या एकीची फांदी मीं मागून आणिली. दारापुढच्या मांडवावर पूर्वीचें कृष्णकमळ होतें, तें उपटून तिला जागा दिली. वेल जोमानें वाढली. फुलें आलीं, पांढऱ्या दलांचीं, आंत जांभळा घेर असलेलीं. मुलें फळांची वाट पाहूं लागलीं. प्रत्येक फूल दुसऱ्या दिवशीं मिटून गळून पडे. मीं शेणखत घातलें, तों पानें अधिक दाट झालीं. पाणी वाढविलें, तरी तेंच. दोन वर्षें अशीं गेलीं. अखेर एके दिवशीं मी कोयता घेऊन मांडवाखालीं उभा राहिलों. घरांतून हांक आली, “अहो, एवढा एक पावसाळा राहूं द्या तिला. कृष्णकमळ उपटलें तेंही घाईनेंच.” मीं कोयता ठेविला, पण मनांत राग होताच.

पुढें त्या स्नेह्याची गांठ पडली तेव्हां मीं तक्रार केली. ते म्हणाले, “माझ्याकडे चार होत्या, तुम्ही एकच नेली.” त्यांनीं दुसऱ्या वेलीच्या फळांतील बियांचीं दोन रोपें मला दिलीं. तीं मांडवाच्या दुसऱ्या बाजूस लाविलीं. पुढल्या वर्षीं त्यांस फुलें आलीं, आणि मीं जिला तोडावयास निघालों होतों तिनेंच पहिलें फळ धरिलें. खत आणि पाणी ह्यांत मीं कसूर केली नव्हती. तिला सोबत नव्हती, एवढेंच तिचें उणें होतें.

म्हणून पिवळी लावणार असाल तर दोन निरनिराळ्या वेलींच्या फळांतील बीं घेऊन निदान दोन रोपें करा. बियांवरचा गर पाण्यांत दोन-तीन दिवस आंबवून चोळून काढावा व बीं ताजें असतांनाच पेरावें. जुनें बीं उगवावयास फार वेळ घेतें. रोप वीतभर उंच झालें कीं पावसाळ्याच्या आरंभीं दीड फूट लांब-रुंद-खोल खड्ड्यांत शेणखत घालून लावावें. न्हाणीचें पाणी साचतें तेथें ही वेल कधींही लावूं नका. मुळें कुजून उभी वेल सुकते, आणि मग उपाय चालत नाहीं.

पिवळ्या जातीचें फूल दुपारीं बाराच्या सुमारास उमलतें व रात्रीं मिटतें. जांभळीचें सकाळीं उमलून दुपारच्या आधींच मिटूं लागतें. पिवळीच्या फुलावर मधमाशा येतात, परंतु त्या लहान असल्यामुळें पराग लुटून नेतात आणि वरच्या टोकांस शिवतही नाहींत. हें काम मोठ्या काळ्या भुंग्याचें. आपल्या वाशांस भोंकें पाडतो म्हणून आपण ज्यास झाडूनें हांकलतों, तोच हा. बागेच्या कडेला वाळक्या लांकडाचा एखादा ओंडका राहूं द्यावा, म्हणजे तो तेथें घर करील व वाशांचाही त्रास कांहींसा कमी होईल. वेल फुलांत असतांना कीटकनाशक औषध मारूं नये.

भुंगा नसेल तर हातानें करावें. दुपारीं एका वेलीच्या फुलांतले केसर बोटास पुसून तो पिवळा पराग दुसऱ्या वेलीच्या फुलाच्या तिन्ही टोकांस लावावा. फूल उमलतें तेव्हां टोकें वर उभीं असतात. थोड्या वेळानें तीं वांकून केसरांच्या पातळीस येतात, तेव्हां लावणें बरें. कांहीं फुलांचीं टोकें वांकतच नाहींत. त्यांवर श्रम करूं नयेत, तीं फळ धरीत नाहींत. पाऊस पडत असेल तर पराग भिजून फुटतो, म्हणून कोरडी दुपार निवडावी. माझ्या घरीं हें काम मुलें करितात, आणि माझ्यापेक्षां चांगलें करितात.

फळ नव्या फुटीवर येतें; बहर संपल्यावर जुन्या फांद्या छाटाव्या, पण भर उन्हाळ्यांत नव्हे. नारिंगी रंगाचें एक फुलपांखरूं पानांवर अंडीं घालतें, आणि त्याच्या कांटेरी अळ्या थव्यानें पानें खातात. त्या काडीनें वेंचून काढाव्या. ही अळी कृष्णकमळावरही येते.

मग ह्या दोहोंत कोणती लावावी? पाण्याची टंचाई असेल आणि दुपारीं घरीं कोणी नसेल, तर कृष्णकमळ लावावें व त्यापासून फळाची आशा धरूं नये. पाणी आहे, मुलें आहेत आणि जागा दोन वेलींना पुरेल इतकी आहे, तर पिवळें पॅशन फळ. एकाच रोपाची जागा असेल तर पिवळी लावूंच नये, असें मी आतां सांगतों. कृष्णकमळ मीं पुन्हां आणिलें. तें मांडवावर नाहीं, फाटकाशीं आहे.

फूल लागल्यापासून दोन ते अडीच महिन्यांनीं फळ पिवळें होऊन आपोआप खालीं पडतें. वेलीवरून हिरवें फळ तोडूं नये आणि मुलांस खाऊं देऊं नये; कच्च्या फळांत व पानांत विषारी अंश असतो. पडलेलीं फळें रोज सकाळीं मुंग्या लागण्यापूर्वीं वेंचावीं. दोन दिवस ठेवून साल थोडी सुरकुतली कीं आंबटपणा कमी होतो. मग फळ कापून गर बियांसकट काढावा, फडक्यांतून गाळावा, आणि पाणी, साखर व चिमूटभर मीठ घालून सरबत करावें. चार-पांच फळांत घरांतल्या सर्वांस एकेक पेला मिळतो.