तसबीर कुणाच्या हाती पडते

खरड (जि. मोहाली, पंजाब)
९ डिसेंबर

चि. ओंकार यास,


तुझ्या नाटकाची संहिता मिळाली. वाचली, आणि एक दिवस मध्ये जाऊ देऊन पुन्हा वाचली. संवाद चांगले उतरलेत. ईशाचं नागपुरी वळणाचं बोलणं आणि गुरप्रीतचं हिंदीत अडखळणारं मराठी, दोन्ही कानाला खरं वाटतं. तिकडची काळजी सोड. काळजी आहे ती कथानकाची, आणि हे पत्र त्याबद्दलच आहे.

तुझ्या पहिल्या अंकात एक प्रसन्न प्रेमकथा आहे आणि दुसऱ्या अंकात एक पोलिसी कथा. आधीचा भाडेकरू करण कुठे गेला, त्याच्या नावाने येणारी पार्सलं कुणाची, हा प्रश्न मध्यंतरानंतर उभा राहतो, इन्स्पेक्टर येतो, चार पानं बोलतो, आणि ज्याला आपण आधी कधी पाहिलेलंच नाही असा घरमालकिणीचा पुतण्या चोर निघतो. मग ईशा आणि गुरप्रीत पुन्हा भेटतात. पण ओंकार, करणचं कोडं सुटलं नसतं तरी त्या दोघांचं जमलंच असतं. रहस्य उचलून बाजूला ठेवलं आणि प्रेमकथेला ओरखडाही उठला नाही, तर ते रहस्य त्या घरचं नव्हे, ते तिथे भाड्याने राहायला आलेलं आहे. तुला रहस्य असं हवं, की ते उलगडताना प्रेमाचीही परीक्षा व्हावी आणि दोन्हींचा निकाल एकाच क्षणी लागावा.

हे शिकायला तुला लांब जायला नको. तुझ्या सांगलीतल्या घरापासून हरिपूर सायकलवर गाठता येतं. तिथे १८५५ साली जन्मलेल्या गोविंद बल्लाळ देवलांनी हे काम दोन नाटकांत, दोन निरनिराळ्या तऱ्हांनी करून ठेवलं आहे. दोन्ही कथा त्यांच्या स्वतःच्या नव्हेत. ‘संशयकल्लोळ’चं मूळ मोलिएरच्या १६६० च्या प्रहसनात आहे. ते आर्थर मर्फीने १७६१ मध्ये इंग्रजीत आणलं आणि देवलांनी तिथून मराठीत. आधी ते ‘फाल्गुनराव’ या नावाचं गद्य नाटक होतं, संगीत रूपात ते गंधर्व नाटक मंडळीने १९१६ मध्ये रंगभूमीवर आणलं, देवल गेले त्याच वर्षी. दुसरं ‘मृच्छकटिक’, शूद्रकाच्या संस्कृत नाटकावरून. कथा उसन्या असल्या म्हणून देवल लहान होत नाहीत. उलट शेकडो वर्षं टिकलेला सांगाडा हाती आल्यावर तो आपल्या माणसांत कसा चालता करायचा, याचा तो धडा आहे.

आधी ‘संशयकल्लोळ’ घे. नाटकं पाहायला लागल्यापासून तू त्यातली गाणी ऐकतोस. एकदा गाणी बाजूला ठेव आणि फक्त तसबिरीच्या मागे जा. रेवतीला भोवळ येते. फाल्गुनराव तिला सावरतो आणि नेमकं तेच त्याची बायको कृत्तिका पाहते. रेवतीजवळची तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची तसबीर तिथे पडते, ती कृत्तिकेच्या हाती येते. ती तसबीर न्याहाळत असताना फाल्गुनराव तिला पाहतो. पुढे तीच तसबीर फाल्गुनरावाकडे असलेली अश्विनशेठला कळते, आणि आपण दिलेली प्रेमाची खूण रेवतीने परक्याला दिली असं त्याला वाटतं. वस्तू एक आणि संशयी जीव कितीतरी. आता एक गोष्ट नीट बघ: यातल्या कुणीही खोटं पाहिलेलं नाही. जे डोळ्यांना दिसलं ते खरोखरच घडलं आहे. चुकतो तो अर्थ, आणि अर्थ चुकतो तो ज्याच्या त्याच्या स्वभावाप्रमाणे. फाल्गुनराव मुळातच संशयी आहे, म्हणून तसबीर त्याच्या हातात जाऊन पेटते. शांत माणसाच्या हातात पडली असती तर नाटक तिथेच संपलं असतं. गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव इतकी वर्षं लोकांच्या तोंडी राहिला, तो या स्वभावामुळे.

तुझ्या नाटकात पार्सल आहे. पहिल्या प्रवेशात ते दारात येतं, ईशा आणि गुरप्रीतची त्यावरून नोकझोक होते, आणि मग ते पार्सल गडप! चांगली वस्तू हाती घेऊन तू ती टाकून दिलीस. तिला हातोहात फिरव. प्रत्येक हातात तिचा अर्थ बदलू दे.

वस्तू किती दूरवर चालू शकते हे ‘मृच्छकटिका’त बघ. वसंतसेना आपले दागिने चारुदत्ताकडे ठेव म्हणून ठेवते; पुन्हा भेटायला निमित्त हवं, हा त्यातला खरा हेतू. म्हणजे दागिने प्रेमाचे. मग शर्विलक घर फोडून ते चोरतो, आणि चोरतो तेही प्रेमापायी, कारण त्याला वसंतसेनेची दासी मदनिका सोडवायची आहे. दागिने चोरीचे होतात. ठेव गेली हे सांगायला लाज वाटते म्हणून चारुदत्ताची बायको धूता आपली रत्नमाला काढून देते. दागिने अब्रूचे होतात. पुढे ते वसंतसेनेकडे परत आल्यावर, मातीच्या गाडीसाठी रडणाऱ्या चारुदत्ताच्या मुलाला, रोहसेनाला, ती ते दागिने देते, सोन्याची गाडी कर म्हणून. दागिने मायेचे होतात. आणि तेच परत करायला निघालेल्या चारुदत्ताच्या मित्राच्या, मैत्रेयाच्या काखेतून ते भर न्यायसभेत खाली पडतात, चारुदत्तावर वसंतसेनेच्या खुनाचा आळ असताना! आता दागिने पुरावा. तिच्या मायेनेच त्याला सुळापर्यंत नेलं. प्रेम आणि रहस्य एकाच धाग्यावर ओवणं ते हे. मी हा प्रवेश वाचते तेव्हा अजूनही पुस्तक मिटून थोडा वेळ बसावं लागतं.

आता प्रेक्षकाला किती सांगायचं. तू सगळं लपवलं आहेस, रहस्य म्हणजे लपवणं असं समजून. देवल काहीच लपवत नाहीत. तसबीर कुणाची, कशी पडली, हे आपल्याला पहिल्यापासून ठाऊक असतं. म्हणून तर आपण हसतो. राजाचा मेहुणा शकार वसंतसेनेचा गळा दाबतो ते आपण पाहतो, ती जिवंत आहे तेही आपल्याला कळतं. म्हणून तर वधस्तंभाकडे निघालेल्या चारुदत्तासाठी जीव गोळा होतो. विजय आनंद यांच्या ‘तीसरी मंझिल’ या चित्रपटात (१९६६) वाटणी निराळी आहे. बहिणीच्या मृत्यूला जबाबदार धरलेल्या रॉकीला शोधायला सुनीता मसुरीला येते, आणि ज्याच्यावर तिचा जीव जडतो तोच रॉकी. हे आपल्याला माहीत असतं, तिला नसतं. खून कुणी केला हे मात्र आपल्यालाही माहीत नसतं. अर्धं उघड, अर्धं झाकलेलं. उघडं अर्धं हसवतं आणि झाकलेलं अर्धं खुर्चीत बसवून ठेवतं. तुला ही वाटणी घ्यावी असं माझं मत आहे. सतीश राजवाडेंनी ‘मुंबई-पुणे-मुंबई’मध्ये (२०१०) तिसरा रस्ता धरला: जो मुलगा बघायला ती पुण्याला आली तो हाच, हे शेवटी कळतं. तिथे खून नाही, चोरी नाही, एवढंच एक गुपित. पण ते गुपित दोघांच्या नात्याचंच आहे, म्हणून पुरतं. तो रस्ता सोपा दिसतो आणि नसतो. दिवसभराच्या गप्पांवर अख्खा चित्रपट पेलायला तेवढ्या ताकदीच्या गप्पा लागतात.

आता खरडकडे वळू. तू नाटक इथे घडवलंस याचं मला फार बरं वाटलं, पण उन्हाळ्यात इथे राहून तू जे पाहिलंस त्यातलं कामाचं तेवढं वगळलंस. छोले-भटुरे आणि भांगडा आलाय, भाडेकरूंचं जग आलं नाही. हे गाव चंडीगडच्या कुशीतलं. घरुआंच्या विद्यापीठातली मुलं, मोहालीतल्या कचेऱ्यांत काम करणारे, हिमाचलचे, हरियाणाचे, बिहारचे, आपल्यासारखे मराठीही. आमच्या इमारतीत समोरच्या दारामागे कोण राहतं ते सहा महिन्यांनी बदलतं. सांगलीत नवा माणूस गल्लीत आला तर संध्याकाळपर्यंत त्याचं आजोळ कळतं. इथे एका नावाने ओळखला जाणारा मुलगा दुसऱ्याच नावाचा निघाला, तर कुणाला नवल वाटणार नाही. ओळखीचा घोटाळा घडवायला तुला इथे काही ओढूनताणून आणावं लागत नाही, गाव ते आपणहून देतं.

आणि तुझी तसबीरही इथेच आहे. घर भाड्याने देताना घरमालकाला भाडेकरूची माहिती पोलिसांत द्यावी लागते. फॉर्म भरायचा, त्यावर फोटो चिकटवायचा, आधारची प्रत जोडायची, आणि आमच्या मकानमालकीण आंटीजींसारखी माणसं त्याची एक झेरॉक्स लोखंडी कपाटात साडीखाली जपून ठेवतात. समज, करणच्या नावाच्या फॉर्मवर फोटो गुरप्रीतचा आहे. कारण करण हा त्याचा मित्र, काहीतरी अडचणीत सापडलेला, आणि त्याला छप्पर मिळावं म्हणून गुरप्रीतने स्वतःचा फोटो दिला. हा गुन्हा आहे, आणि तो मायेपोटी केलेला आहे. ईशाच्या हाती ती झेरॉक्स पडली की तिला दिसेल ते खरंच असेल: ज्याच्यावर आपण विश्वास टाकला त्याचाच फोटो, दुसऱ्या नावाच्या फॉर्मवर. तिने चुकीचं काहीच पाहिलेलं नाही. आता बघ, करण कुठे आहे हा प्रश्न आणि गुरप्रीत कोण आहे हा प्रश्न, दोन्ही एक झाले. तुझं मध्यंतर इथे पडू दे. प्रेक्षकाला गुरप्रीतने फॉर्म का भरला हे आधीच माहीत असू दे. करणचं काय झालं, ते नको.

पुतण्या ठेवायचाच असेल तर त्याला पहिल्या अंकात आण. पाण्याची टाकी बघायला, भाडं गोळा करायला, कशालाही. हसवून जाऊ दे. ज्याला लोक हसले त्याच्यावर त्यांचा संशय सहसा जात नाही.

योगायोगाबद्दल एक. धुक्यात गुरप्रीतला करण समजून ईशा गच्चीवर त्याच्याशी बोलते, हा प्रवेश ठेव, छान आहे आणि इथल्या डिसेंबरात खोटाही वाटणार नाही. पण शेवटी धुक्यामुळेच पुतण्या पकडला जातो, ते काढ. शूद्रकाकडे बघ: वसंतसेना चुकीच्या गाडीत बसते, कारण चारुदत्ताचा गाडीवान बैठक विसरला म्हणून परत गेलेला असतो आणि गावकऱ्यांच्या गाड्यांनी रस्ता अडल्यामुळे शकाराची गाडी नेमकी त्या दाराशी उभी राहते. रस्ता तुंबला म्हणून प्राणावर बेतलं. खरडच्या कोणत्याही माणसाला हे पटेल. पण तिचे प्राण वाचवतो तो योगायोग नव्हे. तो एक भिक्षू असतो, पूर्वीचा जुगारी, ज्याचं कर्ज तिने दुसऱ्या अंकातच फेडलेलं असतं. संकट रस्त्यावर भेटलं, सुटका तिने आधी कमावली होती. तुझ्या ईशानेही पहिल्या अंकात कुणाचं तरी काहीतरी केलेलं असू दे. पार्सलवाल्या मुलाला उन्हात पाणी दिलेलं, एवढंसुद्धा चालेल.

इन्स्पेक्टरची चार पानं पूर्ण काढून टाक. खुलासा त्याने करू नये, कारण त्याचं कुणावर प्रेम नाही. खुलासा गुरप्रीतने करायला हवा, ईशासमोर, जेव्हा गप्प राहिल्याने मित्र वाचणार आणि बोलल्याने ती परत मिळणार, अशी कोंडी असेल तेव्हा. तो काय निवडतो ते मी सांगणार नाही, ते तुझं काम. पण ईशाला आधीच थोडं उमगलेलं असू दे. तिने त्याला बोलायला लावावं. तुझी नायिका पहिल्या अंकात इतकी हुशार आहे आणि दुसऱ्यात नुसती रडते, हे मला आवडलं नाही.

पुढचा खर्डा करताना आधी संवाद लिहू नकोस. एका कागदावर पार्सल आणि झेरॉक्स या दोन वस्तू कुठून कुठे जातात तेवढंच लिही, प्रत्येक हाताखाली तो माणूस त्यावरून काय समजला ते मांड, आणि तो कागद मला पाठव. संक्रांतीच्या आत मिळाला तर बरं, कारण नंतर आम्ही काही दिवस अमृतसरला जाणार आहोत.

तुझ्या आईला सांग, तिने पाठवलेले भडंग इथे सगळ्यांना आवडले, आंटीजींनी डबा मागून नेला. बाबांना नमस्कार.

तुझी,
मावशी