गिटारीचा ध्वनिवर्धक निवडतांना

विजेच्या गिटारीसाठीं व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक घेतांना ‘जितके वॅट अधिक तितका तो चांगला’ हा समज प्रथम सोडावा, असें आम्ही सुचवितों. स्पीकर तोच असतां शक्ति पांच वॅटची पन्नास केली, तरी कानास आवाज सुमारें दुप्पटच वाटतो. शिवाय व्हॉल्व्हवर पुरा भार पडला म्हणजेच तो भरदार, किंचित् खरखरीत सूर निघतो. मोठ्या यंत्रांत तोंवर घर दणाणून जातें. १९५५ च्या सुमाराचा, अमेरिकेंतील फेंडर कंपनीचा शिकाऊंसाठीं केलेला ‘चॅम्प’ सुमारें पांच वॅटचाच होता. घरच्या सरावास तेवढा पुरे. मात्र स्पीकर जोडल्यावांचून यंत्र चालवूं नये; ट्रान्सफॉर्मर जळण्याचें भय असतें. पेटीही उघडूं नये. वीज तोडल्यावरही आंत घातक दाब उरूं शकतो. इतकें पाळल्यास पालकांचा पैसा व शेजाऱ्यांची झोप दोन्ही वाचतील.