गोल राखणारे नारायण

भात कापून झालं, शेतं मोकळी झाली, की टिटवाळ्याच्या आसपासची पोरं चेंडू घेऊन येतात. दोन्ही टोकांना दोन दोन दगड ठेवले की झाला फुटबॉल! पुढे धावायला सगळे तयार असतात. पण दगडांच्या मध्ये कोण उभं राहणार? तिथं बहुतेक वेळा लहानगं पोर उभं करतात. त्याला म्हणतात गोलकीपर. पुस्तकात त्यालाच गोलरक्षक म्हणतात.

हे काम सोपं नाही बरं का! खऱ्या मैदानावर गोलचे दोन खांब एकमेकांपासून २४ फूट लांब असतात. वरचा आडवा दांडा ८ फूट उंच असतो. चार बैलगाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतील एवढं ते दार. ते राखायचं एका माणसानं. खेळ चालू असताना बाकीच्या दहा गड्यांनी चेंडूला हात लावायचा नाही. ती मुभा ह्या एकट्याला, आणि तीही गोलपुढच्या चौकटीत.

शेतावरच्या राखणदारासारखंच हे आहे. रात्रभर जागला तर त्याचं नाव कोणी काढत नाही. एक डुलकी लागली आणि डुकरं शिरली, की सगळा गाव बोलतो.

शंकर सुब्रमण्यम नारायण हे असेच एक राखणदार. लोक त्यांना बाबू नारायण म्हणत. जन्म १९३४ सालचा, केरळातला. पण वाढले मुंबईत, माटुंग्याला. टिटवाळ्याहून आपली लोकल दादरकडे जाते, त्याच वाटेवर माटुंगा आहे. नारायण बास्केटबॉलही खेळत. तो तर सगळा हातांचाच खेळ. गोल राखताना ती सवय कामी आली असेल, असं मला वाटतं.

१९५६ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्न शहरी ऑलिंपिक सामने झाले. भारताच्या संघात दोन गोलरक्षक होते. एक पीटर थंगराज, चांगले उंचपुरे. दुसरे नारायण. दोघेही तयारीचे, पण जागा एकच! त्या काळी सामना सुरू झाल्यावर गडी बदलता येत नसे. म्हणजे ज्याची निवड झाली नाही, त्यानं बाहेर बसून बघायचं. हजारो मैल जायचं, रोज सराव करायचा, आणि तरीही बसायची तयारी ठेवायची. धावण्यापेक्षा हेच अवघड.

तिथं भारतानं यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवलं. त्यातले तीन गोल मुंबईच्या नेव्हिल डिसूझा यांनी केले. ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत, म्हणजे शेवटच्या चार संघांत, पोचलेला आशियातला हा पहिला संघ. पुढे युगोस्लाव्हियानं आपल्याला ४-१ असं हरवलं. तिसऱ्या जागेच्या सामन्यात बल्गेरिया ३-० नं जिंकला. पदक थोडक्यात हुकलं. भारत चौथा आला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये त्यापुढे आपण अजून गेलेलो नाही.

चार वर्षांनी, १९६० साली, इटलीत रोमला ऑलिंपिक झालं. तिथंही नारायण संघात होते, आणि थंगराजही. फ्रान्सशी आपण १-१ अशी बरोबरी केली. हंगेरी आणि पेरू यांच्याशी मात्र हरलो. त्यानंतर भारताचा फुटबॉल संघ ऑलिंपिकला गेलाच नाही.

इकडे महाराष्ट्राच्या संघानं १९६४ साली संतोष करंडक जिंकला. राज्याराज्यांच्या सामन्यांतला हा मोठा मान. त्या संघातही नारायण होते.

५ ऑगस्ट २०२१ रोजी ते आपल्या ठाण्यात वारले. तेव्हा ते ८६ वर्षांचे होते.

आता एक करून बघा. सुतळी घ्या. खळ्यात २४ फूट मोजून दोन काठ्या रोवा. मध्ये स्वतः उभे राहा. पोराला बारा ढांगांवरून चेंडू मारायला सांगा. दहांतले किती अडले, ते पाटीवर लिहा.