गिटार वाजवणाऱ्याला भेट देताना

कोथरूडला मी गिटार शिकवतो. निकाल लागले किंवा दिवाळी जवळ आली, की कुणाची मावशी, कुणाचे आजोबा हमखास विचारतात, ‘सर, हिला काय घेऊ?’ त्यांना सांगत आलो, तेच इथे लिहितो.

१. आधी तिची गिटार जवळून बघा. तारा स्टीलच्या की नायलॉनच्या? वरच्या तीन जाड तारा दोन्हींत धातूच्याच दिसतात, म्हणून खालच्या तीन बारीक तारा बघाव्यात. नायलॉनच्या तारा ब्रिजला गाठ मारून बांधलेल्या असतात, स्टीलच्या बहुतेक गिटारांवर छोट्या पिनांनी भोकात अडकवलेल्या. हे बघणं फार गरजेचं आहे. नायलॉनच्या सहा तारांचा मिळून ताण साधारण ४० किलो असतो, तर स्टीलच्या ‘बारा’ जाडीच्या सहा तारांच्या सेटचा ७० किलोच्या आसपास. नायलॉनच्या गिटारवर कुणी हौसेने स्टीलच्या तारा चढवल्या, तर ब्रिज उचकटायला वेळ लागत नाही.

२. तारांचे दोन सेट, ही माझ्या मते सगळ्यांत चांगली भेट. पोरं पैसे वाचवायला त्याच गंजलेल्या तारांवर वर्ष काढतात. पुण्याचा पावसाळा आणि बोटांचा घाम यांत स्टील काळं पडतं, सूर मंदावतो. जुन्या पाकिटाचा फोटो दुकानात दाखवा. ‘दहाचा सेट’ म्हणजे त्यातली सर्वांत बारीक तार ०.०१० इंच जाडीची. शिकाऊ बोटांना तोच सोसतो.

३. सेटअपचे पैसे द्या. हे कुणाला सुचत नाही, आणि मला याचंच सर्वांत जास्त वाटतं. बाराव्या पट्टीशी स्टीलची सर्वांत जाड तार त्या धातूच्या पट्टीच्या माथ्यापासून दोन-अडीच मिलिमीटर वर असावी. स्वस्तातल्या नव्या गिटारीत ती पुष्कळदा चार मिलिमीटर असते. मूल जीव खाऊन दाबतं, बोटं सोलवटतात, एफ कॉर्ड काही वाजत नाही आणि घरचे म्हणतात, हिला जमत नाही! दोष बोटांचा नसतो. चांगला कारागीर सॅडल घासतो, मानेतला रॉड फिरवतो, आणि तीच गिटार हाताला हलकी लागते. कित्येक मुलं एवढ्यावरून परत शिकायला लागलेली मी पाहिली आहेत.

४. पुण्यात गिटार दुचाकीवरून फिरते. सोबत मिळालेली पातळ पिशवी म्हणजे नुसता धूळझाक कपडा. जाड फोमची, दोन्ही खांद्यांना पट्टे असलेली, वर पावसाळी कव्हर असलेली बॅग घ्या. एप्रिल-मे महिन्यांत इथली हवा इतकी कोरडी होते की लाकूड आकसून धातूच्या पट्ट्यांची टोकं हाताला टोचू लागतात; जुलैत तेच लाकूड फुगतं. म्हणून भिंतीवर टांगायच्या शोभेच्या हुकापेक्षा बॅग बरी.

५. घरात गाणारं कुणी असेल तर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एका पट्टीवर दाबून धरणारा चिमटा. आई काळी एकमध्ये गाते आणि मुलीला सी, एफ, जी एवढेच कॉर्ड येतात. कॅपो पहिल्या पट्टीवर लावला की प्रश्न मिटला. काळी दोन हवी तर तिसऱ्या पट्टीवर. नायलॉनच्या गिटारीची मान रुंद आणि वरून सपाट असते, तिचा कॅपो वेगळा मागा.

६. नवी गिटार मात्र तिच्या माघारी घेऊ नका. दुकानात तिलाच मांडीवर घेऊन बसू द्या. डावखुरी असेल तर विचारून घ्या, लहान असेल तर पाऊण आकाराची बघा.

७. आजी-आजोबांना ‘हे आपलं वाद्य नव्हे’ वाटत असेल, तर सगळ्यांनी मिळून ऐकायची भेट द्या. अली अकबर खाँ यांचे शिष्य ब्रिजभूषण काबरा यांनी गिटार मांडीवर आडवी ठेवून राग वाजवले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबरची त्यांचा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हा अल्बम १९६० च्या दशकातला. विश्वमोहन भट्ट यांना राय कूडरबरोबरच्या अल्बमसाठी १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं, तेही गिटारवरच.

८. नव्या तारा पहिले काही दिवस ताणल्या जातात, सूर उतरतो. सोसायटीच्या दिवाळी पहाटेला ती वाजवणार असेल, तर पाकीट वसुबारसेच्या आधीच तिच्या हातात द्या.