शाळेच्या पैशासाठी मतपेटी आहे का?

प्रश्न : माझी भाची कॅलिफोर्नियात राहते. तिथे लोक सह्या गोळा करून शाळांच्या पैशाचा प्रश्न थेट मतदानाला लावतात, असं ती सांगते. आमच्या झाशी जिल्ह्यातल्या सरकारी शाळांसाठी आम्हाला असं काही करता येईल का?
— एक वाचक, झाशी

उत्तर : तसं मतदान तुम्हाला मागता येणार नाही. राज्यघटनेच्या कलम २६५ नुसार कायद्याच्या आधाराशिवाय कर बसत नाही, आणि आपल्याकडे कायदा सभागृहांत होतो. २००४ मध्ये करांवर २ टक्के शिक्षण उपकर आला, तोही संसदेच्या निर्णयानं.

भाची सांगते ते खरं आहे. गव्हर्नरच्या मागच्या निवडणुकीत पडलेल्या मतांच्या ५ टक्के सह्या जमल्या की कायद्याचा प्रस्ताव मतपत्रिकेवर येतो. घटनादुरुस्तीला ८ टक्के लागतात. १९८८ मध्ये अशाच मतदानानं राज्याच्या सर्वसाधारण निधीतला साधारण ४० टक्के वाटा शाळा-कॉलेजांसाठी राखला गेला. २०१२ मध्ये लोकांनी श्रीमंतांवरचा आयकर वाढवून घेतला. पण तिला १९७८ बद्दलही विचारा. त्या वर्षी लोकांनी त्याच मतपेटीतून मालमत्ता कराला १ टक्क्याची मर्यादा घातली. शाळांचा मोठा आधार तोच कर होता. अनेक ठिकाणी उन्हाळी वर्ग बंद पडले. १९८८ चं मतदान बऱ्याच अंशी ती जखम भरून काढण्यासाठी होतं. त्यामुळे नुसत्या मतपेटीवर माझा भरवसा नाही.

तरीही एका प्रश्नावर लोकांनी मत देणं आपल्याला अगदीच परकं नाही. महाराष्ट्रात गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी अर्ज केला की दारूचं दुकान बंद करण्यावर गुप्त मतदान घेता येतं. उभी बाटली की आडवी बाटली, एवढाच प्रश्न. बायकांनी रांगा लावून कित्येक गावांतली दुकानं बंद पाडली आहेत. दुकान बंद करायला जे चालतं, ते शाळा उभी करायला का नसावं? माझं मत विचाराल तर असावं.

तोवर झाशीत काय आहे ते बघू. उत्तर प्रदेशच्या १९४७ च्या पंचायत राज कायद्यात ग्रामसभेच्या वर्षाला दोन बैठका सांगितल्या आहेत, एक खरिपानंतर, एक रब्बीनंतर. शिवाय एक पंचमांश सदस्यांनी लेखी मागणी केली की प्रधानाला ३० दिवसांत विशेष बैठक बोलवावीच लागते. सह्यांच्या जोरावर विषय पुढे आणण्याची वाट ती हीच. सभेची शिफारस पंचायतीवर बंधनकारक नाही, पण तिचा विचार करणं पंचायतीला भाग आहे. आणि पैसा पंचायतीकडे असतो: २०१८ पासूनच्या ‘ऑपरेशन कायाकल्प’मध्ये शाळेचं पाणी, शौचालय, फरशी, कुंपणभिंत ही कामं मुख्यतः पंचायतीच्या निधीतून होतात.

दुसरी वाट शाळेतूनच जाते. शिक्षण हक्क कायद्यानं (२००९) शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला बंधनकारक केल्या. ही समिती करते तो शाळा विकास आराखडाच सरकारच्या योजनांचा आणि अनुदानाचा पाया असेल, असं कलम २२ सांगतं. हे कलम पालकांना कुणी वाचून दाखवत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. १०१ ते २५० मुलं असलेल्या शाळेला समग्र शिक्षा अभियानातून वर्षाला ५० हजारांचं संयुक्त अनुदान ठरलेलं आहे. त्याचा खर्च कसा झाला, यावर लक्ष ठेवण्याचं काम कायद्यानं याच समितीला दिलंय.

शहरातल्या शाळांसाठी ग्रामसभा नाही. तिथे समिती आणि नगरसेवक एवढंच हाताशी आहे. पण तुमची शाळा बबीना, मऊरानीपूरकडच्या गावात असेल, तर गहू-हरभरा घरात आला की बैठकीची वेळ येते. त्याआधी आराखड्याची प्रत मागून घ्या, सह्यांच्या अर्जात एकच विषय लिहा, आणि अर्ज दिल्याची पोच तारखेसह घ्या. ३० दिवस त्या तारखेपासून मोजायचे.